बँडमध्ये पाच जण आणि प्रत्येकाची सम वेगळी

दांडियाबाजारी

नमस्कार मंडळी. प्रश्न तालाचा आहे, पण तिथपर्यंत यायला जरा वेळ लागेल. चहा घेऊन बसा.

मी बडोद्याचा. दिवसा विम्याच्या कचेरीत, संध्याकाळी सहा ते आठ पोरांना तबला शिकवतो. तीस वर्षांपूर्वी सुरसागरकाठच्या म्युझिक कॉलेजात डिप्लोमा केला. त्यानंतर भजनी मंडळं, नाट्यगीतं, गणपतीत तीन-चार कार्यक्रम, आणि नवरात्रात कुणाचा ढोलकवाला ऐन वेळी आजारी पडला तर त्याच्या जागी मी. सगळं कसं रुळलेलं होतं.

गेल्या वर्षी फतेहगंजातला एक मल्याळी पोरगा घरी आला. रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतो, बाकी दिवस कॉम्प्युटरची नोकरी. म्हणाला, अंकल, आपण वर्ल्ड म्युझिकचा बँड काढू. मी म्हटलं, बाबा रे, मला त्या वर्ल्डातलं एकच म्युझिक येतं. म्हणे, तेवढंच हवंय.

बघता बघता पाच जण झाले. क्लॅरिनेटला वाडीतले काका. साठी उलटलीय, वडिलांच्या वेळेपासून वरातीच्या बँडात. नोटेशनचा कागद उभ्या जन्मात हातात धरलेला नाही, पण गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्या अंतऱ्याला काका गाणाऱ्याच्या पुढे. मग घानाचा एक विद्यार्थी, इथे फार्मसी शिकायला आलाय. तो लोखंडाची जोडघंटा वाजवतो, एक मोठी, तिच्या पोटाशी एक लहान. तिला गांकोगुई म्हणतात. आणि सिद्दी दादा, पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजातले. हे झगडियाजवळच्या रतनपूरचे, जिथे बावा गोरचा दर्गा आहे. बडोद्यात गिटारवाल्याच्या कंपनीची गाडी चालवतात. एकदा हायवेवर पंक्चर झालं तेव्हा स्टेपनी बसवता बसवता दादांनी जॅकच्या दांड्यानं डिक्कीवर असं काही वाजवलं, की पोरानं तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांना बँडात घेतलं. दादा मुसिंदो वाजवतात, तो गळ्यात अडकवायचा ढोल. आणि मलुंगा: बांबूचं धनुष्य, त्याला तार, तारेला भोपळा. भोपळा पोटाशी धरून काडीनं तार वाजवायची, आणि भोपळा जवळ-लांब करून आवाज मिटवायचा-उघडायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी पाण्याखाली गुणगुणतंय.

दर शनिवारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत तालीम होते. शेजारच्या काकूंनी पहिल्या शनिवारी खिडकी लावून घेतली, चौथ्या शनिवारी लिलो चिवडा पाठवला. तेव्हा वाटलं जमतंय. पण नाही जमत, आणि दोन जागी अडतंय.

पहिली जागा सूर. माझा तबला सव्वापाच इंची, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेला. आयुष्यभर काळी एक. क्लॅरिनेटवाल्या काकांना काळी एक म्हणजे बोटांची कसरत, त्यांचं वाद्य काळी पाचात सुखी. गिटारला काय, कापो (तारा दाबून धरणारी चाप) सरकवला की कुठेही चालते. आणि मलुंगा कुणाचंच ऐकत नाही. त्याची तार आहे तिथे आहे, काळी पाचच्या किंचित खाली. मी दादांना म्हटलं, जरा चढवा. त्यांनी धनुष्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चढावीश तो तूटशे." चढवली तर तुटेल. विषय संपला.

दुसरी जागा सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आणि खरा प्रश्न हा आहे.

घानाचा पोरगा घंटेवर एक चाल वाजवतो. सात ठोके, बारा मात्रांत. मी कागदावर मांडली: १, ३, ५, ६, ८, १०, १२ ह्या मात्रांवर ठोका, बाकी रिकाम्या. बारा मात्रा म्हटल्यावर मला आनंदच झाला, एकताल! धिं धिं धागे तिरकिट... मी थाटात सुरुवात केली. पहिले तीन ठोके माझ्याबरोबर चालतात, मात्रा एक, तीन, पाच. चौथ्यापासून घंटा आड जाते आणि शेवटपर्यंत आडच राहते. समेवर येते खरी, पण तोवर मला घाम फुटलेला असतो. एकताल सोडून दादरा लावून पाहिला (सहा मात्रा, प्रत्येक घंटेच्या दोन मात्रांएवढी), तेच. पोराला विचारलं, बाबा तुझा 'वन', म्हणजे पहिली मात्रा, कुठे? तो पाय आपटून दाखवतो. पाय पडतो तिथे घंटा वाजतच नाही! म्हटलं हा काय प्रकार.

सिद्दी दादांना विचारलं, तुम्ही कसं मोजता? ते हसले. "गणवानुं शुं एमां? वागे छे ने?" मोजायचं काय त्यात, वाजतंय ना. आणि खरंच, दादा आणि तो पोरगा, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, पण पहिल्या दिवसापासून दोघं एकत्र वाजवतात. अडतं माझंच.

गेल्या महिन्यात एका सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही पहिल्यांदा जाहीर वाजवलं. शेवटी मी तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर संपवायचा. भली लांबलचक, नऊ धा असलेली, मान वर करून समेवर आलो, हात हवेत. आणि बाकी चौघं वाजवतायत. क्लॅरिनेटवाले काका माझ्या तोंडाकडे बघून थांबले, दोन सेकंदांनी गिटार थांबली, घंटा आणि मुसिंदो मात्र मजेत पुढे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं असंच आहे. बायकोला कळलं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही, ह्यावरून काय ते समजा.

त्याच कार्यक्रमात आणखी एक झालं, ते तालाचं नाही, पण डोक्यातून जात नाही. स्टेजवर चढायच्या आधी आयोजकांपैकी एक जण दादांपाशी आला आणि म्हणाला, तुम्ही डोक्यावर नारळ फोडणार ना? धमालमध्ये, तुमच्या त्या नाचात, फोडतात ना? आम्ही चार आणून ठेवलेत. दादा म्हणाले, आज वाजवायला आलोय. त्या गृहस्थाचा चेहरा पडला, जणू त्याला फसवलं होतं. मी तिथेच होतो. तबला लावायला हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसलो आणि काही बोललो नाही.

तर प्रश्न. एक, अशा मिश्र बँडमध्ये कुणी वाजवलंय का, आणि सूर कुणाचा धरायचा? दोन, ह्या घंटेत सम कुठे पकडायची? तीन, तिहाई सोडून द्यायची का? (तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर जरा सांभाळून सांगा.)

---

षड्जपंचम

मिसळ खायला बरी लागते, ऐकायला नाही. तीस वर्षं तबला शिकून त्याला घंटेच्या मागे पळवायचा, ह्याला प्रयोग म्हणायचं तर म्हणा. जगाचं संगीत वाजवण्याआधी आपलं तरी पुरतं वाजवून झालंय का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

---

दांडियाबाजारी

षड्जपंचम, आपलं पुरतं वाजवून झालेलं नाही, ह्या जन्मी होणारही नाही, हे मान्य. पण तुम्ही हे बडोद्याच्या माणसाला सांगताय!

ज्या कॉलेजात मी शिकलो ते मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८८६ साली काढलेल्या गायनशाळेतून वाढलंय. मौलाबक्ष उत्तरेचं गाणारे, आणि दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीतही शिकून आलेले. त्यांच्या मुलाला महाराजांनी लंडनला पाश्चात्य संगीत शिकायला पाठवलं. नातू इनायत खाँ, जन्म १८८२, याकूतपुऱ्यातला. ते १९१० साली भावांना घेऊन बोटीनं अमेरिकेला गेले आणि पुढल्या वर्षी रूथ सेंट डेनिस नावाच्या नर्तिकेबरोबर गावोगाव वाजवत फिरले. वीणा आणि दिलरुबा घेऊन, तिकडच्या थिएटरांत. म्हणजे आमच्या गल्लीत हा रोग शंभर वर्षं जुना आहे, मला आत्ता लागला.

"वर्ल्ड म्युझिक" ह्या नावाबद्दल मात्र तुमच्याशी माझं भांडण नाही. ते १९८७ साली लंडनच्या एका पबात रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी बसून ठरवलेलं नाव, दुकानात ह्या रेकॉर्डी कुठल्या कप्प्यात ठेवायच्या म्हणून. कप्प्यात राहायची मलाही हौस नाही.

---

तंबोरा_ग्वाल्हेर

दांडियाबाजारीभाऊ, इनायत खाँचं सांगितलंत तर पुढचंही सांगा. त्यांनी पुढे वीणा खाली ठेवली, वाजवणं सोडलं आणि सूफी उपदेशाला लागले. तिकडच्या लोकांसमोर वाजवताना त्यांना काय वाटलं असेल ह्याचा मी पुष्कळदा विचार करते. तुमच्या सिद्दी दादांच्या नारळाची गोष्ट वाचून पुन्हा तोच विचार आला. माणूस राग घेऊन जातो आणि समोरच्याला फेटा बघायचा असतो.

आता सुराचं. मी गाणारी आहे, ताल तुमचे तुम्ही बघा.

माझं मत सरळ आहे. ज्याला हलता येत नाही त्याचा षड्ज. मलुंगा हलत नाही, तर मलुंग्याचा सा. वाटाघाटी कसली? तुम्ही म्हणता काळी पाचच्या किंचित खाली. छान आहे. क्लॅरिनेटवाल्यांना वाद्य मुखनळीशी थोडं बाहेर खेचून सूर उतरवता येतो, विचारा त्यांना, वरातीत थंडी-उन्हात ते रोज करत असतील. गिटारच्या तारा तेवढ्या उतरवता येतात. राहता राहिलात तुम्ही. काळी एकची पुडी (तबल्याचं कातडं) काळी पाचपर्यंत उतरवायला जाऊ नका, ती कागदासारखी वाजेल. मोठ्या तोंडाचा, सहा इंची, ढाल्या म्हणजे खालच्या सुराचा तबला घ्या. नाट्यसंगीत वाजवलंय म्हणता, मग एखाद्या जुन्या नटाच्या घरी माळ्यावर सापडेल.

दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही. गिटारवाल्याला गंधार, म्हणजे ग, वाजवू देऊ नका. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो गिटारच्या पडद्यावरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऐकायला थोडं वाटतं, पण मलुंग्यासारखं एका तारेवर गुंजणारं वाद्य शेजारी असलं की गिटारचा गंधार खड्यासारखा दाताखाली येतो. पोराला सांगा, कॉर्ड धर पण फक्त सा आणि पंचमाची धर, मधला सूर क्लॅरिनेटला ठेव. काका तो ओठांनी बरोबर जागी आणतील. इंग्रज गिटारवादक मॅकलॉफलिननी भारतीय वादकांबरोबरच्या "शक्ती" ह्या बँडसाठी पडद्यांमधली लाकडी पट्टी खोलगट केलेली गिटार मुद्दाम बनवून घेतली होती, मींड काढता यावी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता यावं म्हणून. त्याआधी ते वीणा शिकले. नुसतं शेजारी बसून तो सूर येत नाही.

आणि षड्जपंचम, आमच्या ग्वाल्हेरचे भैया गणपतराव शिंदे घराण्यातले. परदेशातून आलेल्या पेटीवर त्यांनी ठुमरी अशी वाजवली की सारा हिंदुस्थान पेटी शिकायला लागला. पुढे १९४० मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली, तीही तीस वर्षांनी सैल झाली. मिसळीतला कुठला जिन्नस पुढे घरचा होईल, सांगता येत नाही.

---

ढोलकी इंदुरी

अरे भिया, तबलेवाले काका, तुमची घंटा मी ओळखली! नऊ वर्षं झाली, मी इंदूरला एका ताल-ग्रुपमध्ये आहे. ढोलकी माझी, सोबत जेंबे, काखोन, एक कर्नाटकातला घटमवाला, म्हणजे मडकं वाजवणारा. ह्याच घंटेनं मला तीन महिने रडवलं होतं.

बारा मात्रा बघून तुम्ही दोन-दोनचे सहा तुकडे केलेत. एकताल म्हणा, दादरा म्हणा, तुमचा पाय १, ३, ५, ७, ९, ११ वर पडतोय. घंटेचे पहिले तीन ठोके त्याच जागी आहेत, म्हणून तुम्हाला वाटतं आपलीच आहे. मग ती सहावर जाते आणि तुम्ही गेलात कामातून. बरोबर ना?

तो पोरगा तीन-तीनचे चार तुकडे करतोय. त्याचा पाय १, ४, ७, १० वर. आता तुमच्या कागदाकडे बघा. चार आणि सात ह्या मात्रांवर घंटा नाहीच. चार टाळ्यांपैकी पहिली आणि चौथी घंटेवर, मधल्या दोन टाळ्या हवेत. मजा तिथेच आहे. तुम्ही म्हणता ना, पाय पडतो तिथे घंटा वाजत नाही, तर ती चूक नाही, तोच ताल आहे.

करायचं असं. आठ दिवस तबल्याला हात लावू नका. खुर्चीवर बसा, पायानं चार टाळ्या द्या, एकसारख्या, आणि तोंडानं घंटा म्हणा. हातानं काही नाही. कचेरीत टेबलाखाली करा, कुणाला कळत नाही (मला बँकेतल्या मॅनेजरनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना). पाय आणि जीभ सुटी झाली की मग तबला.

शक्तीत तबला-घटम जमलं कारण दोघांची जात वेगळी असली तरी दोघंही मोजणारे होते, इकडे तिहाई, तिकडे तसाच कर्नाटकी मोरा. तबल्यावरचे झाकीरभाई आणि घटमवरचे विक्कूजी समेला एकमेकांकडे बघून हसायचे. पण जिथे मोजतच नाहीत तिथे तुम्ही हात वर करून हसलात तर समोरच्याला वाटतं काकांना काही हवंय. तिहाई टाकू नका. पण घ्यायच्या आधी शिकवा तरी! त्यांना ठाऊकच नाही की तुम्ही कुठे निघालात.

जाता जाता, मलुंग्यासारखंच धनुष्य ब्राझीलमध्ये बेरिंबाव म्हणून वाजवतात, कापोईराच्या खेळात. तिथेही ते आफ्रिकेतून गुलामांबरोबर गेलं. दादांना व्हिडिओ दाखवा, त्यांना आवडेल.

---

षड्जपंचम

गंधाराचा मुद्दा पटला. बाकी माझं मत कायम. पण तंबोराताईंनी सहा इंची तबल्याचं सांगितलं त्यावरून एक: तो मिळाला तर नवी पुडी चढवू नका, जुन्या पुडीचा ढाला आवाज नव्याला येत नाही. माझ्याकडे एक पडून आहे. विकायचा नाही, नुसतं सांगतोय.

---

दांडियाबाजारी

मंडळी, पाच शनिवार झाले, म्हणून वृत्तांत. लांबणार, आधीच माफी.

तबला मिळाला. नटाच्या नाही, एका जुन्या कीर्तनकारांच्या घरी, रावपुऱ्यात. आजींनी माळ्यावरून काढून दिला, त्यात तांदूळ ठेवले होते की काय कोण जाणे, दोन दाणे निघाले. वाद्या, म्हणजे ताणायच्या कातडी पट्ट्या, बदलाव्या लागल्या, पुडी जुनीच ठेवली (षड्जपंचम, नोंद घ्या). पहिल्यांदा मलुंग्याशी लावला तेव्हा दादा वाजवायचे थांबले. भोपळा पोटाशी तसाच धरून त्यांनी मला खूण केली, पुन्हा वाजव. मी एक "ना" वाजवला. ते नुसते ऐकत राहिले. इतक्या महिन्यांत ह्या माणसानं माझा तबला ऐकला नव्हता. म्हणजे मी त्यांना ऐकू येईल असं कधी वाजवलंच नव्हतं.

क्लॅरिनेटवाल्या काकांनी मुखनळीखालचा जोड दोन मिलिमीटर बाहेर खेचला आणि म्हणाले, "एवढंच? मी समजलो काय मोठं ऑपरेशन आहे." गिटारवाला गंधारावरून थोडा फुगला. चर्चमध्ये सगळी गंमत त्या मधल्या सुरातच आहे, म्हणे. तिसऱ्या शनिवारी त्याचं त्यालाच ऐकू आलं, मग काही बोलला नाही.

आता घंटा. इंदुरीभाऊ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आठ दिवस टेबलाखाली पाय आपटले. जमलं नाही. खरं सांगतो, नाही जमलं. पायानं चार द्यायला लागलो की जीभ बंद, जीभ सुरू केली की पाय सहावर. तीस वर्षांचं वळण आहे, आठ दिवसांत कसं जाणार.

सोडवलं ते वाडीतल्या काकांनी. चौथ्या शनिवारी पोरगा घंटा वाजवत होता, मी कपाळाला हात लावून बसलो होतो आणि काका क्लॅरिनेटची रीड जिभेवर ओली करत होते. मध्येच रीड तोंडातून काढून म्हणाले, "अहो, ही हींच आहे."

मी म्हटलं, काय?

"हींच. गरब्याची. तुम्ही नवरात्रात वाजवत नाही का? दोन वेळा वाजवा." आणि मांडीवर ताल द्यायला लागले. धा आणि तिचा तिसरा, धा आणि तिचा तिसरा. सहा मात्रांची हींच, तीन-तीनची. ती दोनदा वाजवली की बारा, आणि पाय पडतो एक, चार, सात, दहावर. बरोब्बर पोराच्या पायाशी.

मी तिथे बसल्या बसल्या उडालो. वीस नवरात्रं! वीस नवरात्रं मी ढोलकावर हेच वाजवलंय, दोन-दोन तास न थांबता. पण ते "गरब्याचं" म्हणून वेगळ्या खणात ठेवलेलं. कॉलेजात शिकलेलं ते खरं, आणि हे पैशासाठी केलेलं. बारा मात्रा दिसल्या की हात एकतालाकडे गेला, हींचेकडे गेलाच नाही. पायांना माहीत होतं, डिप्लोमाला नाही.

मग तबला ठेवला आणि आतून ढोलक आणला. पाच मिनिटं नुसती हींच. घंटा वर, आपल्या मजेत. दादांनी मुसिंदो घेतला. त्या मधल्या दोन रिकाम्या टाळ्या आहेत ना, चार आणि सात, तिथे माझ्या डग्ग्याच्या बाजूचा घुमारा पडायला लागला आणि घानाचा पोरगा एकदम ओरडला. शब्द त्याच्या भाषेतला होता, पण अर्थ कळायला भाषा लागत नव्हती. शेजारच्या काकू खिडकीत येऊन टाळ्या द्यायला लागल्या. तीन टाळीच्या, अर्थातच.

ढोलकावर पाय बसल्यावर मग तेच सहा इंची तबल्यावर आणलं. अजून कधीकधी घसरतो. जोरात वाजवायला लागलो की हात जुन्या घरी जातो. दादांनी त्यावर उपाय काढलाय. मी घसरलो की ते माई मिश्रा, म्हणजे कापडात शिवलेला नारळाच्या करवंटीचा खुळखुळा, माझ्या बाजूला झुकून वाजवतात. ओरडत नाहीत, थांबत नाहीत. नुसते झुकतात.

तिहाई ठेवलीय. एकच, छोटी, तीन धा ची. शिकवली सगळ्यांना. घानाच्या पोराला वाटलं ती मोठी विनोदी गोष्ट आहे: तीनदा तेच सांगायचं आणि तिसऱ्यांदा सगळ्यांनी एकदम थांबायचं. आता तो थांबतो, पण थांबल्यावर दर वेळी हसतो. क्लॅरिनेटवाले काका एकदाही चुकले नाहीत. वरातीत नवरदेव दारात उतरला की बँडला एका झटक्यात थांबावं लागतं, म्हणे, त्यात नवीन काय.

तंबोराताई, फेट्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते दादांना वाचून दाखवलं, गुजरातीत करून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मीच म्हटलं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, तुम्ही तबला लावत होता. एवढंच. माफ केलं की नाही ते कळलं नाही, विचारायचा धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी आणखी एका ठिकाणी वाजवायचंय. मानधन पाच सारख्या वाटण्यांत, हे आधीच ठरवून घेतलं. ठरवायला फोन केला तेव्हा पलीकडून विचारणा झालीच: ते सिद्दी कलाकार नारळाचं काही करतात का? ह्या वेळी मी म्हटलं, नाही, ते मलुंगा वाजवतात, आणि सगळ्यांचा सूर त्यांच्यावर लागतो. पलीकडे शांतता. गाडीत दादांना सांगितलं. ते गिअर बदलत म्हणाले, "कहेजो, नारियेळ लावे. प्रोग्राम पछी चटणी वाटीशुं." सांगा, नारळ आणू देत, कार्यक्रमानंतर चटणी वाटू.